त्रिदिबबाबूंचा राहून गेलेला चित्रकार

त्रिदिब भादुडी या माणसातला मोठा चित्रकार त्याच्या संसाराने गिळून टाकला, ही गोष्ट मोहनडांगा गावात ज्याला ठाऊक नाही तो एक तर ठार बहिरा असला पाहिजे, नाही तर कालच बदली होऊन आलेला. कारण ती सांगायला त्रिदिबबाबू वेळ, काळ, श्रोता काही पाहत नसत. मासळीबाजारात रुईमाशाचे कल्ले उघडून बघताना सांगत. जमिनीच्या कचेरीत, वर्षभर खेटे घालून टेकीला आलेल्या माणसाची फाईल 'उद्या बघू' म्हणून मिटताना सांगत. कुणाच्या श्राद्धाला गेले तरी पानावर बसल्या बसल्या शेजारच्याला सांगत, "माझं लग्न झालं नसतं ना, तर आज मी कुठल्या कुठे असतो. हात होता हो माझा!"

हात होता याला पुरावा एकच. सातवीत असताना शाळेच्या स्पर्धेत त्यांच्या चित्राला पत्र्याची रंगपेटी मिळाली होती आणि परीक्षक म्हणून आलेले पोस्टमास्तर 'हात चांगला आहे' असं म्हणाले होते. पोस्टमास्तरांना चित्रकलेत काय कळतं, असा प्रश्न त्रिदिबबाबूंना कधी पडला नाही. ती रंगपेटी लग्नाच्या कितीतरी आधी हरवली होती, पण तिचा दोषही हळूहळू लग्नावरच जाऊन बसला.

हे सगळं ते बायकोच्या देखत बोलत. मुद्दाम नव्हे, तिला वाईट वाटेल हे त्यांच्या डोक्यातच येत नसे, आणि ज्याच्या डोक्यात काही येत नाही अशा माणसावर रागावणार तरी किती? शर्बरी चहाचे कप गोळा करून आत निघून जाई. त्यावरून त्रिदिबबाबूंनी एवढंच ताडलं होतं, की तिला कलेत रस नाही.

खरं सांगायचं तर ही तक्रार हीच त्या माणसाची कमाई होती. नोकरी चारचौघांसारखी, घर चारचौघांसारखं, मुलगी शिकून बंगलोरला गेली तीही चारचौघांच्या मुलींसारखीच. हे एक 'झालो असतो' तेवढं त्यांचं स्वतःचं होतं. ते काढून घेतलं तर त्रिदिबबाबूंच्या जागी फक्त एक वशिल्याने लागलेला हेडक्लार्क उरला असता, आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणाला नसली तरी त्यांना स्वतःला पक्की ठाऊक होती.

म्हणूनच पौषातल्या एका रविवारी शर्बरी कोलकात्याला बहिणीकडे जाऊन आली आणि येताना जलरंगांची नवी पेटी, ब्रशांचा संच, जाड कागदांची वही आणि एक तीन पायांचा लाकडी स्टँड घेऊन आली, तेव्हा त्रिदिबबाबू घाबरले.

"हे काय?"

"लग्न मोडून तर देता येणार नाही," शर्बरी म्हणाली, "म्हणून एवढं देते. आता काढा."

दुसरा कुणी असता तर आनंदाने उडी मारली असती. त्रिदिबबाबूंनी ब्रश असे हातात घेतले, जसं कुणी दुसऱ्याचं तान्हं मूल घेतो आणि ते ओलं आहे हे कळतं. मग त्यांना सुचलं. "खोलीत बसून काढतात ती चित्रं नव्हेत," ते म्हणाले. "निसर्गाच्या समोर बसायला हवं. पद्मझीलीसारखं पाणी समोर हवं, पक्षी हवेत. आणि तिथे तर परवान्याशिवाय आत सोडत नाहीत." असं म्हणून त्यांनी पेटी कपाटावर ठेवली आणि निश्चिंत मनाने वर्तमानपत्र उघडलं.

"मग परवाना काढा," शर्बरी म्हणाली.

पद्मझील म्हणजे कमळांचं मोठं तळं, गावाबाहेर सायकलच्या अंतरावर. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून हजारो पाखरं उतरतात, म्हणून सरकारने तिच्याभोवती तारा ओढल्या, फाटक केलं आणि फाटकावर एक कचेरी बसवली. त्रिदिबबाबू त्या कचेरीत गेले ते अतिशय आशेने. सरकारी कचेरीत काम होत नाही, यावर त्यांची जितकी श्रद्धा होती तितकी देवावरही नव्हती. देवावर तर नव्हतीच. ते पुरोगामी होते. पुरोगामी असूनही सरस्वतीपूजा होईपर्यंत बोर तोंडात घालत नसत, पण विचारलं तर 'पित्त होतं' म्हणत. वसंत पंचमीआधी बोर खाल्लं की देवी विद्या देत नाही, असं त्यांची आजी सांगे. आजी मूर्ख होती हे त्यांना मान्य होतं, पण उगीच धोका कोण घेणार?

कचेरीतल्या कारकुनाने अपेक्षाभंग केला नाही. "चित्र काढायचं? म्हणजे कोणता कॅमेरा?"

"कॅमेरा नाही. हाताने."

"हाताने? मग संशोधन का?"

"संशोधनही नाही."

"मग सहल. पण सहलीला कमीत कमी दहा माणसं लागतात." कारकुनाने मान वर केली. "स्टँड आणणार का? तीन पायांचा? मग तर कॅमेऱ्याचाच आकार पडणार. आम्ही वर काय ठेवलंय ते बघत नाही, पाय मोजतो. आणि रंग विषारी नाहीत, असा दाखला लागेल. मासे मेले तर जबाबदार कोण?"

त्रिदिबबाबूंचा चेहरा उजळत चालला. या गृहस्थाच्या कामाला काय नजाकत होती! ते स्वतः त्याच धंद्यातले, म्हणून त्यांना दाद द्यावीशी वाटली. "नाही जमत तर राहू द्या," ते हळूच म्हणाले. "तसं लेखी दिलंत तर बरं होईल. घरी दाखवायला."

"नाव काय म्हणालात?"

"त्रिदिब भादुडी. जमिनीच्या कचेरीत..."

कारकून ताडकन उभा राहिला. त्याच्या सासऱ्याच्या जमिनीची फाईल दोन पावसाळे भादुडींच्या टेबलावर निजलेली होती. त्याने चहा मागवला. पंख्याखालची खुर्ची दिली, जरी थंडी होती. कॅमेऱ्याचा आकार माफ झाला, दाखल्याची गरज उरली नाही, आणि वर कचेरीची स्वतःची नाव, नावाड्यासकट. "दादा, फक्त दिवस सांगा."

त्रिदिबबाबूंनी घाईघाईने सरस्वतीपूजेचा दिवस सांगितला. आता हा दिवस त्यांनी का सांगितला? तर त्या दिवशी कचेरीला सुट्टी असते आणि रजा खर्ची पडत नाही. सरकारी सुट्टी विसरणारा कारकून बंगालमध्ये अजून जन्मायचाय. सुट्टी त्यांच्या बरोबर ध्यानात राहिली. सुट्टी कशाची आहे तेवढं राहिलं नाही.

परवाना खिशात घेऊन ते घरी आले ते एखाद्याला बढतीऐवजी बदली मिळावी तसे. त्यात शर्बरीने ही बातमी कल्याणसंघात सांगितली. कल्याणसंघ म्हणजे त्यांच्या आळीचा क्लब. सभासद सगळे निवृत्त, काम कॅरम आणि कुरकूर, आणि वर्षातून एकदा मांडव घालून सरस्वतीपूजा. सचिव फटिक लाहिडी, ज्यांना आळी फटिकदा म्हणते, आयुष्यभर रेल्वेत होते आणि अजूनही वाक्याच्या शेवटी गाडी सुटल्यासारखा हात हलवतात. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की त्रिदिबचं चित्र पूजेच्या दुपारी, खिचुडीच्या आधी, मांडवात सगळ्यांसमोर लावायचं.

झालं. मग सल्ले सुरू झाले. ज्यांनी जन्मात भिंतीला चुनासुद्धा लावला नव्हता अशा लोकांना चित्रकलेत एवढं गम्य असतं हे त्रिदिबबाबूंना नव्याने कळलं. फटिकदा म्हणाले, छातीला मोहरीचं तेल चोळ आणि माकडटोपी घाल, कारण पाण्यावरचा गारठा कानातून शिरतो आणि थेट फुप्फुसात उतरतो. शेजारचे मनोतोष गुह, रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर, म्हणाले, ऊन डाव्या खांद्यावरून घे. कुणी म्हणालं उजव्या. त्यावर दोन गट पडले आणि कॅरम दोन दिवस बंद होता. त्रिदिबबाबूंना कुणी काही विचारलं नाही. ते फक्त रोज सकाळी खिडकीतून आकाशाकडे बघत आणि ढग येतोय का ते पाहत.

ढग आला नाही. पंचमीची सकाळ अशी लख्ख उजाडली, की त्रिदिबबाबूंना ती आपल्याविरुद्ध कुणीतरी मुद्दाम धाडल्यासारखी वाटली. त्यांनी जड मनाने माकडटोपी चढवली, स्टँड काखेत मारला, आणि कपाटावर हात घातला. कपाटावर फक्त कागदांची वही.

"शर्बरी! माझी पेटी? ब्रश?"

शर्बरी वासंती रंगाची साडी नेसून बाहेर आली. तोंड उतरलेलं. "अहो... मी काल संध्याकाळी मांडवात नेऊन ठेवले. देवीच्या पायाशी. म्हटलं, पहिल्यांदाच काढताय, तर आशीर्वाद मिळू दे. पण मग आज त्यांना हात लावता यायचा नाही, हे माझ्या लक्षातच..."

आणि बंगाल्याच्या घरात याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुस्तक, लेखणी, पेटी, तबला, जे काही विद्येचं म्हणून पूजेला ठेवलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी देवीला दहीपोहे दाखवून होईपर्यंत तिचं. त्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी आळीतल्या पोरांनी वाचायचं नाही, लिहायचं नाही. अख्ख्या बंगालला लहानपणापासून सगळ्यात मनापासून पटलेली धर्माज्ञा ती हीच.

त्रिदिबबाबूंना जो आनंद झाला तो लिहिता येण्याजोगा नाही. इतकं निर्मळ सुख त्यांना मुलीच्या जन्माच्या वेळीही झालं नव्हतं. पण चेहरा त्यांनी असा केला की कुणाला वाटावं प्रेत उठलंय घरातून. टोपी काढून खुर्चीवर टाकली. स्टँड भिंतीला लावला. "संपलं," ते म्हणाले. "हेच. हेच तर म्हणत आलो मी इतकी वर्षं. या घरात कलावंताने ब्रश हातात घ्यावा, तर तो तुम्ही देवाला देऊन मोकळे. चहा टाक."

शर्बरीने चहा टाकला नाही. तिने चपला घातल्या आणि ती मांडवाकडे जवळजवळ पळत गेली. त्रिदिबबाबूंना वाटलं, रडायला गेली असेल.

ती भटजींना विचारायला गेली होती. भट्टाचार्य मोशाय त्या दिवशी सोळा ठिकाणच्या पूजा ओढत होते आणि सायकलवर अर्धे बसूनच निर्णय देत होते. "पायाशी ठेवलेल्या वस्तू उचलायच्या नाहीत म्हणजे नाहीत," ते म्हणाले. "लिहायचं नाही, वाचायचं नाही. पण चित्र कुठे लिहिणं आहे? आणि त्यात हंस काढणार असतील तर उलट सेवाच. हंस देवीचं वाहन. फक्त वस्तू दुसऱ्या घ्या." आणि घंटी वाजवत ते पुढच्या मांडवाकडे गेले.

पुढच्या अर्ध्या तासात कल्याणसंघाने जी कार्यक्षमता दाखवली ती त्यांनी आपापल्या नोकरीत दाखवली असती तर हा प्रांत केव्हाच पुढे गेला असता. मनोतोषबाबूंचं निवृत्त रसायनशास्त्र उसळून वर आलं. तांबडा? शर्बरीवहिनींचा पायाला लावायचा आळता. निळा? कपड्याची नीळ. पिवळा हळदीचा, तपकिरी चहाच्या काढ्याचा, काळा काजळाचा. सगळं औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून, वर चिठ्ठ्या लावून तयार. ब्रशासाठी जरा अडलं. मग शर्बरी घरात गेली आणि त्रिदिबबाबूंचा दाढीचा ब्रश घेऊन आली.

"याने?" त्रिदिबबाबू ओरडले. "मी दाढी करतो याने!"

"आज नको करूस," फटिकदा म्हणाले. "कलावंत तसेही दाढी राखतात. चल, मी येतो बरोबर. क्लबचा माणूस असलेला बरा."

शर्बरी घराच्या फाटकापर्यंत आली. देवीला अंजली, म्हणजे ओंजळीतली फुलं, वाहीपर्यंत तिचा उपास, म्हणून तोंड सुकलेलं. "नीट काढा हं," ती म्हणाली. "घाई करू नका. मी खिचुडी थांबवून ठेवते." एवढी कळकळ कशासाठी, हे त्या माणसाला विचारावंसंही वाटलं नाही. त्यांना वाटलं, बाईने पिच्छाच पुरवलाय.

नावाड्याचं नाव बलाई. सरकारी नाव चालवून चालवून तो स्वतःला सरकार समजू लागला होता. कुठलंही पाखरू दाखवलं तरी तो एकच सांगे, "सायबेरियातून आलंय." पाणकावळा सायबेरियातून आला, खंड्या सायबेरियातून आला, आणि बांधावर एक साधा कावळा बसला होता तोही, फटिकदांनी विचारल्यावर, "थंडीपुरता आलाय" असं निघालं. नाव अरुंद. स्टँडचे तीन पाय तिच्यात बसेनात. दोन आत आणि एक पाण्यात, असं करून पाहिलं, तर तिसरा पाय चिखलात रुतला आणि नाव त्याच्याभोवती गोल फिरायला लागली. तो उपटताना आळत्याची बाटली फटिकदांच्या पांढऱ्या शालीवर सांडली. फटिकदांनी छाती धरून जी किंकाळी फोडली ती ऐकून काठावरून एक पहारेकरी शिट्टी वाजवत धावत आला. त्याला परवाना दाखवावा लागला, मग आळता हुंगायला द्यावा लागला, आणि मग कुठे त्याची खात्री पटली की खून झालेला नाही.

शेवटी स्टँड आडवा टाकून त्यावर वही ठेवली आणि बलाईने नाव कमळांच्या दाटीपाशी नेऊन उभी केली.

आता त्रिदिबबाबू बारकाईने एखादी अडचण शोधू लागले. वारा असता तर कागद उडाला असता. वारा नव्हता. धुकं असतं तर दिसलं नसतं. धुकं केव्हाच विरलं होतं. फटिकदांच्या किंकाळीने पाखरं उडून जायला हवी होती, पण ती निगरगट्ट निघाली. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यांचे ते करडे हंस, शेकड्यांनी, हाकेच्या अंतरावर पाण्यात होते. त्यांच्यामागे तांबूस चक्रवाकांची जोडपी. कमळाच्या पानांवरून लांब बोटांचे कमळपक्षी चालत होते. ऊन पाण्यावर तिरपं पडलं होतं, डाव्याच खांद्यावरून. एक हंस तर सगळ्यांच्या पुढे येऊन मान बाकदार करून असा थांबला, की फोटोवाल्याकडे बसलेला नवरदेवही इतका स्थिर बसत नाही.

"काढ," फटिकदा कुजबुजले.

"सायबेरिया," बलाई म्हणाला.

त्रिदिबबाबूंनी हंसाकडे पाहिलं. आणि क्षणभर, याबद्दल त्यांच्यावर अन्याय करायला नको, त्यांना ते खरोखर दिसलं. पाण्याचा तो शिशासारखा रंग, डोक्यावरच्या त्या दोन पट्ट्या, पंखाखालची सावली. इतकं सुंदर काहीतरी आपल्या गावाच्या वेशीवर दर थंडीत येत असतं आणि आपण एकदाही आलो नाही, हे त्यांना जाणवलं. मग भीती वाटली. खरी भीती. कारण हे कागदावर कसं उतरवायचं याची त्यांना काडीचीही कल्पना नव्हती. मान कुठून सुरू करतात? पाणी काढतात म्हणजे नेमकं काय काढतात? कुठला हात आणि कसला हात! फटिकदा बघत होते. बलाईही बिडी विझवून बघत होता.

त्यांनी ब्रश पाण्यात बुचकळला आणि निळीत घातला. ब्रशात कालच्या दाढीचा साबण होता. कागदावर आभाळ पडलं ते फेसाळ, आणि त्याला लव्हेंडरचा वास येऊ लागला. त्यांनी ते घाईघाईने पसरवलं. मग हात चालायला लागला. कसा कोण जाणे, पण चालायला लागला, भराभर, न थांबता, आणि त्रिदिबबाबूंना इतका धीर आला की त्यांनी नंतर मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. हंस बराच वेळ थांबला आणि मग कंटाळून पोहत गेला.

"झालं?" फटिकदांनी विचारलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, समोर पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं, आणि बलाईला नाव काठाला लावायला सांगितलं.

मांडवात तोवर अंजली झाली होती. खिचुडीची मोठी पातेली उतरली होती, लाब्र्याच्या भाजीचा आणि टोमॅटोच्या गोड चटणीचा वास सुटला होता आणि अख्खी आळी पिवळे कपडे घालून, भुकेने चिडून, चित्राची वाट बघत होती. मूर्तीशेजारी एक दोरी बांधलेली होती. तिच्यावर चिमट्यांनी आळीतल्या पोरांची चित्रं लावलेली. मधे एक जागा मोकळी ठेवली होती. मनोतोषबाबूंनी मोठ्या अदबीने वहीतला कागद सोडवला आणि तिथे लावला.

सगळा मांडव पुढे वाकला.

चित्रात दोन डोंगर होते. निळीचे, टोकदार. त्यांच्या मधोमध आळत्याचा अर्धा सूर्य उगवत होता, चौफेर किरणं फेकत. डोंगरातून एक नदी निघून सरळ खाली आली होती, काठावर चहाच्या रंगाची झोपडी, झोपडीला एक दार आणि एक खिडकी, शेजारी वाकडं नारळाचं झाड. आभाळात काजळाची चार पाखरं, इंग्रजी व्हीसारखी.

डावीकडे दुसरीतल्या एका पोरीचं चित्र होतं. दोन डोंगर, मधे सूर्य, झोपडी, नारळ. उजवीकडचंही तेच. सगळ्या दोरीवर तेच.

"सातवीला हेच काढलं असणार," मागून कुणीतरी म्हणालं.

"एक शंका," मनोतोषबाबू चष्मा पुसत म्हणाले. "हा डोंगर कुठला?"

आता मोहनडांग्याला डोंगर नाही. मोहनडांग्याला उंचवटासुद्धा नाही. जमीन इतकी सपाट, की पावसाचं पाणी कुठे जायचं याचा विचार करत आठवडाभर थांबतं. डोंगर बघायचा तर रात्रभर आगगाडीत बसून दार्जिलिंगची वाट धरावी लागते.

"कलावंत दिसतं ते काढत नाही," त्रिदिबबाबू घसा साफ करून म्हणाले. "त्याला आतून जे..."

"मी होतो तिथे," फटिकदा म्हणाले. त्यांच्या छातीवर आळता वाळला होता. "डोंगर नव्हता. हंस होता. हा असा, समोर. बसून बसून बिचाऱ्याची मान अवघडली."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा मांडव हसायला लागला. त्रिदिबबाबूंचे कान तापले, पण आतून ते सावरत होते, कारण उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. येताना नावेत बसून त्यांनी ते नीट घोटलं होतं. "हसा," ते म्हणाले. "दाढीच्या ब्रशने आणि हळदीने यापेक्षा काय होणार? माझे ब्रश देवीच्या पायाशी आहेत. माझ्या घरच्यांनी नेऊन ठेवलेत. हसायचंच असेल तर त्यांना हसा." आणि त्यांनी शर्बरीकडे बोट दाखवलं.

सगळे शर्बरीकडे वळले. ती चित्रासमोर उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे. ती हसत नव्हती. तिने पदराने डोळे पुसले, पुन्हा चित्र पाहिलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश, कुणी परीक्षेचा निकाल बघावा तसं. मग तिने एक मोठा श्वास सोडला.

"डोंगर काही ब्रशाने आणले नाहीत हो," ती म्हणाली.

मग ती पंगतीत जाऊन बसली. त्रिदिबबाबूही गेले, कारण उभं राहून करणार काय? पानावर खिचुडी पडली. शर्बरीने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग नवऱ्याकडे वळून, आवाज न चढवता, अगदी घरातलं बोलावं तसं बोलायला लागली.

"तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला खरं वाटायचं ते. लग्न करून आले तेव्हापासून. तुम्ही म्हणायचात आणि मी आत जाऊन रडायचे. वाटायचं, एवढा मोठा माणूस आणि आपल्या भाजी-आमटीपायी वाया गेला. मुलगी आजारी पडली, तुम्ही रात्री जागलात, तरी मनात तेच, की यांची चित्रं राहिली. आज सकाळी ब्रश देवीपाशी ठेवल्याचं लक्षात आलं ना, तेव्हा तर वाटलं, आता जीवच द्यावा. मीच पुन्हा आडवी आले." तिने लाब्रा कालवला. "आणि आता हे चित्र बघितलं. अहो, काय सांगू तुम्हाला, इतकं हलकं वाटतंय!"

ती खरंच हसली. पंगतीतल्या बायकांनी वळून पाहिलं, कारण शर्बरी भादुडीला असं मोकळं हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

त्रिदिबबाबूंनी हातातला घास पानावर ठेवला. ती भांडली असती, टोमणा मारला असता, चारचौघांत रडली असती, तरी त्यांच्यापाशी काही ना काही बोलायला होतं. पण ती सुटली होती, आणि त्याला काय बोलायचं? आपण काय बोलत होतो इतकी वर्षं, आणि ते कुणाला ऐकू जात होतं, हे त्यांना त्या पानावर बसून पहिल्यांदा कळलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. लाज वाटायची सवय नसल्याने त्यांनी आधी पित्त झालंय का ते पाहिलं. पित्त नव्हतं.

"शर्बरी," ते म्हणाले, "ब्रश बरे असते ना, तर..."

"असेल हो," ती मायेने म्हणाली. "उद्या सकाळी मिळतील की ब्रश. तुम्हाला वाटेल तेव्हा जा, वाटेल तितका वेळ बसा. जमलं तर जमलं, नाही तर नाही. मला आता काही वाटणार नाही."

आणि तिने फटिकदांना हाक मारून आणखी चटणी वाढायला सांगितलं.